नळाचे दिवस आणि हजेरीपट

मुलांना मुद्देसूद लिहायला शिकवायचं काम मी मोठ्या हौसेनं अंगावर घेतलं होतं. बार्शीजवळच्या खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजात एका प्राध्यापकांनी माझ्या निबंधावर ‘हे कशावरून?’ असं तीन ठिकाणी लिहून वही परत केली होती. त्या प्रश्नाचे उपकार मी आजही मानतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सोलापुरातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवायला लागलो. तोच प्रश्न मुलांना द्यायचा, असं ठरवून गेलो होतो.

मुलांनी तो घेतला नाही. ‘हातमाग की यंत्रमाग’ असा विषय दिला. निम्म्या वर्गाच्या घरात माग. घरी तेलुगू, मराठी गल्लीत शिकलेली. वाटलं, आता काहीतरी खरं वाचायला मिळेल. सगळ्या वह्यांची सुरुवात एकच, ‘आजचे युग हे यंत्रयुग आहे’, आणि शेवटही एकच, दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ. बाजू कुणीच घेतली नव्हती. एकाला विचारलं, तुझे वडील दिवसभर मागावर असतात, ते काय म्हणतात? तो म्हणाला, “त्यांचं कुटं छापलंय, सर?”

मार्चात सकाळची शाळा सुरू झाली आणि मुख्याध्यापकांनी नोटीस काढली. ज्याला वारंवार उशीर होतो, त्याचं नाव परीक्षेआधी पटावरून कमी होणार. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या नावापुढं लाल शेऱ्यांची रांग होती. उशिरा आली की मी कारण विचारी, ती “चुकलं, सर” म्हणून जागेवर जाऊन बसे. नाव गेलं असतं तर तिची शाळा तिथंच संपली असती. घरी बिड्या वळायला दोन हात हवेच होते.

मी वर्गाला सांगितलं, निबंध राहू द्या. हिचं नाव का ठेवावं, ते मुख्याध्यापकांना पटेल असं लिहा. सगळ्यांनी लिहिलं, तिची चूक पदरात घ्यावी. माझा पारा चढला. अरे, कारण कुठं आहे? शेवटी ती मुलगीच उठली.

“कारन सांगितलं की उलट बोलती म्हनतात, सर. त्यापरीस चुकलं म्हनलेलं बरं की.”

मग कळलं. चाळीतला नळ एक दिवसाआड यायचा, तोही शाळेच्या वेळेला. आई पहाटेच बिड्या घेऊन कारखान्यात गेलेली, म्हणून रांगेत ही. मी सवयीनं विचारलं, हे कशावरून?

“म्हंजे मी खोटं बोलती व्हय?” तिचे डोळे भरले. मला नाही, रांगेत कधी उभं न राहिलेल्या माणसाला पटवायचंय, हे समजावण्यात माझा उरलेला तास गेला.

पुरावा तिच्या शेजारणीकडं निघाला. त्या मावशी नळाच्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचं बोट टेकवून ठेवत. मी ते मागून आणलं. हजेरीपट शेजारी ठेवून दोन मुलींनी तारखा जुळवल्या. लाल शेरे कुंकवावरच पडत होते, फक्त दोन सोडून. मुलांचं म्हणणं, ते दोन लिहायचेच नाहीत. मी म्हणालो, तेच आधी लिहा. दोन दिवस यावर वाद झाला. एकदा आईला ताप होता. दुसऱ्या दिवसाचं तिनं बऱ्याच वेळानं लिहिलं, ‘झोपले होते.’

मुख्याध्यापकांनी अर्ज उभ्यानंच वाचला. ‘झोपले होते’वर बोट ठेवून विचारलं, हे कुणी लिहायला लावलं? मी, म्हणालो. नोकरी अजून कायम नव्हती.

“मग बाकीचं खरं दिसतंय,” म्हणत त्यांनी नाव ठेवलं आणि नळाच्या दिवशी पहिला तास खेळाचा केला. पहिल्या तासाचं माझं मराठी शेवटच्या तासाला गेलं, पत्रे तापून मुलं पेंगतात त्या वेळेला. शिवाय दुसऱ्या दिवसापासून जो तो पुरावा घेऊन येऊ लागला. एकानं पंक्चर काढणाऱ्याची सही आणली. ती त्याच्याच अक्षरात होती.

मुलगी परीक्षेला बसली. कॅलेंडर मात्र आठ दिवस कार्यालयातच पडून राहिलं होतं. ते परत द्यायला गेलो, तर मावशी रिकामी घागर घेऊन दारातच बसल्या होत्या.

“मास्तर, पोरीचं नाव ऱ्हायलं, ब्येस झालं,” त्या म्हणाल्या. “पर नळ आज का उद्या, कळंना झालंय मला. दोनदा पानी गेलं माजं.”