माझ्या मेहुण्याचा खुबा

माझ्या मेहुण्याइतका कृतज्ञ माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि असा कृतज्ञ मेहुणा कुणाच्याही वाट्याला येऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. वय अवघं बत्तीस. जालन्यात तेव्हा असल्या दुखण्यावर उपाय म्हणजे नातेवाइकांना बोलावून घेणं, एवढाच. पण माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, कुणाचं ऐकणारी नव्हती. ती त्याला आगगाडीत घालून थेट दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेली आणि आपलं एक मूत्रपिंड त्याला देऊन आली. काही महिन्यांनी दोघं परतली. ती होती तशीच परतली. हा मात्र कृतज्ञ होऊन आला.

त्या दिवसापासून तो स्वतःला त्या मूत्रपिंडाचा मालक समजेना, राखणदार समजू लागला. जालन्याच्या मस्तगड वस्तीत आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेला निघायच्या घाईत असताना हा दारात उभा राही आणि साहेबाला कामाचा अहवाल द्यावा तसा बहिणीला सांगे, "आक्का, तुझं बराबर चालून राह्यलं." मग काल किती पाणी प्यालो आणि त्यातलं किती बाहेर पडलं, याचा तपशील. माझ्या हातात तेव्हा चहाचा कप असे. डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितलं होतं हे खरं. पण हा पडला मोजणी खात्यातला मोजणीदार. शेतांचे बांध साखळीने मोजून मोजून त्याचा स्वभावच तसा झालेला. तांब्याला आतून खुणा करून तो झोळीत घालून हिंडे. लग्नाच्या पंगतीत वाढपी मठ्ठा घेऊन आला की हा झोळीतून तांब्या काढी आणि मागची अख्खी पंगत खोळंबून राही. आक्काला शेपू आवडत नाही, म्हणून त्याने जिवापाड आवडणारा शेपू सोडला. दोन वर्षांनी एकदा हिने शेजारणीकडे शेपूची भाजी चवीने खाल्ल्याचं कळलं, तेव्हा चिडून म्हणाला, "आवडायला लागला तर सांगायचं न्हाई का? मी इकडं उगाच सोडून बसलो!" हिला ताप आला तर खबरदारी म्हणून तोही अंथरुणात शिरे. ऑपरेशननंतर रोज घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांनी त्याचा चेहरा चांगलाच गोल झाला होता, आणि लोक "तब्येत झकास झाली" म्हणत, तेव्हा तो आक्काकडे बोट दाखवी.

तिसऱ्या वर्षी त्याची चाल बिघडली. उजवा पाय टाकताना तो एका अंगाला झुकू लागला. मी विचारलं तर म्हणाला, "चप्पल नवी हाय दाजी." महिनाभराने चप्पल जुनी झाली, झुकणं वाढलं. मग म्हणाला, एस. टी.त उभं राहून अंग आखडलंय. शेवटी म्हणाला, मस्तगडाचा रस्ताच एका बाजूला कलता आहे, आपण काय करणार! मी हसलो. हसायला नको होतं. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी तो दोरी, फळी आणि गवंड्याची पाणसळ घेऊन भर रस्त्यात बसला. टांगे थांबले, सायकली थांबल्या, किराणा दुकानदाराने फळीचं एक टोक धरलं. दोन तासांनी सिद्ध झालं की रस्ता खरोखरच चार बोटं कलता आहे. "बघा!" असं म्हणून तो विजयी मुद्रेने उठायला गेला, आणि त्याला उठता येईना. दुकानदाराने आणि मी काखेत हात घालून त्याला उभं केलं. तरी त्याचं म्हणणं, दोष रस्त्याचाच.

तो दोष कुणाचा, हे केदारखेड्याला उघड झालं. एका शेताची मोजणी संपवून हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टेकला तो टेकलाच. शेताच्या मालकाने त्याला बैलगाडीत आडवा टाकून भोकरदनला आणला आणि तिथून एस. टी.ने जालन्याला माझ्या शाळेत पोचवला. मुलांसमोर मला म्हणाला, "सर, ह्यो माणूस वाटंत सारखा वरडून राह्यला. मी म्हणलं कुठं दुखतंय? तर म्हणतो, कुठंच न्हाई!"

मी त्याला औरंगाबादला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी खुब्याचा क्ष-किरण फोटो उजेडासमोर धरला. मांडीच्या हाडाचा जो गोळा खुब्यात फिरतो, त्याला रक्त पोचेनासं झालं होतं. तो आतून वाळून चपटा होत चालला होता. परकं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ज्या स्टिरॉइडच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्यांनीच काही जणांच्या हाडांचं असं होतं, असं ते म्हणाले. "आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. पण तिकडच्या डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवता येईल का पाहू. आणि खुब्यात धातूचा गोळा बसवून घ्या."

"दोन्ही जमणार न्हाई," मेहुणा म्हणाला. "गोळी कमी केली आन् आक्काचं मूत्रपिंड रुसलं तर? चिरफाडीत त्याला काही झालं तर? पायाचं काय, मी लंगडत जाईन."

परतीच्या वाटेवर त्याने माझा हात धरला. "दाजी, आक्काला बिलकुल सांगू नका. तिला वाटंल, आपण जीव दिला आन् त्यानंच ह्याचं हाड खाल्लं."

मी कबूल झालो, ही माझी चूक. पुढचा दीड महिना मी माझ्याच घरात चोरासारखा वावरलो. हिने विचारलं की मी म्हणायचो, शीर आखडलीय. तोही म्हणायचा, शीर. फक्त ती डावीकडची की उजवीकडची, याबद्दल आमचं दोघांचं एकमत नसे.

मग पौर्णिमा आली. विहारात वंदनेला सगळे खाली बसले, हा मागे खांबाला टेकून उभा. हिने खुणेने सांगितलं, बस. त्याने खुणेने सांगितलं, इथून चांगलं दिसतं. हिने डोळे वटारले. बहिणीचा शब्द मोडायचा नाही म्हणून तो बसायला गेला आणि मध्येच अडकला. ना उभा, ना बसलेला. तोंडातून आवाज निघाला नाही, पण गालांवरून पाणी वाहू लागलं. चौघांनी त्याला उचलून बाकावर ठेवला.

घरी आल्यावर हिने मला समोर बसवलं. शाळेत मी कडक हेडमास्तर म्हणून ओळखला जातो. इथे मी मिनिटभरात सगळं ओकलो. ती उठली आणि शेजारी गेली. मीही मागोमाग गेलो.

"मला येडी समजून राह्यला का तुम्ही दोघं?" ती भावाला म्हणाली. "मी तुला ते कपाटात जपून ठेवायला दिलं का?"

"आक्का, पण ते तुझं..."

"माझं न्हाई ते! दिलं तव्हाच तुझं झालं. तुला चालता यावं, कामावर जाता यावं, लग्न करता यावं, म्हणून दिलं. तू एका पायावर उभा राहून त्याचा पहारा करशील, हे मला ठाऊक असतं तर..."

ती रडू लागली. तिला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तिच्या आईच्या वेळी. मेहुणा खाली मान घालून बसला. मान वर न करताच म्हणाला, "मंग तिकीट काढा दाजी."

दक्षिणेतल्या डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली. मूत्रपिंड रुसलं नाही. मग खुब्यात धातूचा गोळा बसवला. पाय अर्धा इंच आखूड झाला. तो त्याने पलंगावरच मोजला आणि डॉक्टरांना तीनदा सांगितला. शेतं तुडवायचं काम सुटलं; खात्याने त्याला अंबडला नकाशे काढायच्या टेबलावर बसवलं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. ही आत स्वयंपाकाला लागली. मेहुणा मला दाखवायला नकाशा आणतो म्हणून खुर्चीवरून उठला. खुर्चीचे दोन्ही हात धरून, श्वास रोखून, टप्प्याटप्प्याने. आता तो डाव्या अंगाला झुकत होता; डावा खुबाही उजव्याच्याच वाटेला लागला होता. माझ्या ओठांवर नेहमीचं काहीतरी खोचक आलं होतं. पण त्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली दिसली, आणि मला वाटलं, इतक्या वर्षांत मी या माणसावर किती चिडलो, किती हसलो. एक साधी गोष्ट मात्र कधी धड विचारली नाही.

"फार दुखतंय का रे?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चप्पल, एस. टी., रस्ता, त्यातलं काहीच त्याने काढलं नाही.

"हो दाजी," तो म्हणाला. "फार दुखतंय."

मी माझी खुर्ची त्याच्या खुर्चीजवळ ओढली. चारच्या एस. टी.ने आम्हाला परत निघायचं होतं. ती आम्ही जाऊ दिली.