होसकोटेपर्यंत, उजव्या सीटवर

आई गेल्यावरच्या वर्षात मी दोन गोष्टी शिकलो: पोळ्या लाटणं आणि पेपरातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचणं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका रविवारी जाहिरात दिसली: साठच्या दशकातली अमेरिकन कन्व्हर्टिबल, आठ सिलिंडर, मरून रंग, मालकाने स्वतः नव्यासारखी केलेली, बंगळूर. मी कोल्हापुरातला बँकेचा कारकून, बेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा. प्लॉट विकून हातात पैसे आले होते. नागपूरच्या बहिणीला सांगितलं, तर म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं?" फिरलं नव्हतं. घर मला खायला उठत होतं. अशी गाडी दारात उभी राहिली की बघायला तरी माणसं येतील, एवढाच माझा हिशोब होता.

पहाटेची बस धरली. तुम्ही या रस्त्यानं गेलात तर दावणगेरेला भूक राखून उतरा. तिथला लोण्याचा डोसा एकट्यानं खाल्ला तरी चांगला लागतो. संध्याकाळ उलटल्यावर बंगळूर आलं. मॅजेस्टिकजवळच्या लॉजमध्ये झोपलो आणि सकाळी हॉटेलात कॉफी मागितली. वेटरनं विचारलं, "बाय टू?" एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची तिथली पद्धत. मी हो म्हणून मान हलवली. त्यानं माझ्यासमोरची रिकामी खुर्ची पाहिली आणि अख्खी कॉफी आणली.

शिवाजीनगरच्या गल्लीत कृष्णोजीरावांचं गॅरेज. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, मराठी जुनी आणि कानडी मिसळलेली. पांढऱ्या मिशा, हाताला ग्रीसचा वास. "या की सर. स्वल्प मागं सरा," म्हणत त्यांनी ताडपत्री ओढली. बंपरमध्ये अख्खी गल्ली दिसत होती. नऊ वर्षं खपून त्यांनी ती गाडी उभी केली होती, छताचं कापडसुद्धा स्वतः शिवलं होतं. पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायची.

"चला, होसकोटेपर्यंत जाऊन येऊ," ते म्हणाले.

स्टिअरिंग डावीकडं. मी उजवीकडं बसलो, छत उघडं. जुन्या मद्रास रोडवर एका लॉरीच्या मागं आलो आणि तिथंच अडकलो. इंजिन गुरगुरत होतं, पण म्हातारा पुढं काढेना.

"सांगा की सर!"

"काय सांगू?"

"समोरनं काय येतंय? मला हितनं लॉरीच दिसते. डावीकडनं चालवायची तर उजवीकडं माणूस लागतंय."

मी वाकून पाहिलं. रस्ता मोकळा होता. "जावा," म्हणालो. गाडी अशी उसळली की मी मोठ्यानं हसलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"आमची मंडळी 'सरी, जावा' म्हणायची," कृष्णोजीराव म्हणाले. सरी म्हणजे कानडीत ठीक. "गेल्या दिवाळीत गेली. तवापासनं गाडी गल्लीच्या भाईर न्हाई काढली."

होसकोटेला आम्ही कॉफी घेतली, बाय टू. येताना चालवायला मी बसलो. प्रत्येक लॉरीमागं ते वाकून बघायचे आणि म्हणायचे, "सरी, जावा." मला तो रस्ता संपायलाच नको होता.

गॅरेजात मी किंमत बोलायला तोंड उघडलं. त्यांनी किल्ली हातात धरून ठेवली.

"तुमच्याकडं उजवीकडं कोण बसणार?"

"आहेत की माणसं."

"कोण? नाव सांगा."

बहिणीचं नाव ओठावर आलं, पण ती नागपूरला. बँकेतले लोक आठवून पाहिले. एकही नाव सांगता येईना. मला त्यांचा राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली.

"मग नका घेऊ, सर," ते हळूच म्हणाले. "एकट्याला ती गाडी मारंल." गिऱ्हाईक घालवलं माणसानं. मग मला बसस्टँडपर्यंत सोडायला रिक्षातनं आले आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

पुढं मी एक छोटी गाडी घेतली, सेकंडहँड. दारात ती बघायला कुणी आलं नाही. स्टिअरिंग उजवीकडं, समोरचं सगळं मला स्वच्छ दिसतं. तरी ट्रकच्या मागं आलो की मी मोठ्यानं "सरी, जावा" म्हणतो आणि मगच पुढं काढतो.