खाटेवरचा झेंडा

राज्याचा पत्ता नसताना त्याचा झेंडा शिवून तयार ठेवणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाला असेल, आणि तो आमच्या नणंदबाईंच्या वाट्याला आला. नागपूरची राजधानी गेली, कारभाराचं बिऱ्हाड मुंबईला हललं, तेव्हा बाकीचे लोक चार दिवस हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. आमचे भाऊजी, म्हणजे नणंदबाईंचे यजमान, काही लागले नाहीत. ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. जन्मभर पाकिटांवरचे शिक्के आणि मुद्रा पाहून पाहून त्यांचं मन तिथंच अडकलेलं. वेगळा विदर्भ होणार आणि दिवाळीनंतर होणार, याची त्यांना खात्री होती. कोणती दिवाळी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. धास्ती मात्र एकच. मला म्हणायचे, "वहिनी, समजा उद्या बारा वाजता राज्य जाहीर झालं, अन् चढवायले झेंडाच नसला तर? शेजाऱ्याचा मागून आणायचा काय?"

आपण चित्र पाहतो आणि पुढे जातो. भाऊजी चित्राची उलटतपासणी घ्यायचे. काडेपेटी हातात आली की चूल पेटायची राहायची, कारण पेटीवरच्या घोड्यानं कोणता पाय उचलला हे आधी ठरायला हवं. माझ्या चुलतदिराच्या लग्नात तर त्यांनी वरात थांबवली. बँडवाल्याच्या टोपीवर पितळी सिंह होता आणि तो म्हणे चुकीच्या बाजूला पाहत होता. मी म्हटलं, भाऊजी, चांगला उजवीकडे तर पाहतो आहे. "तुमच्या उजवीकडे, वहिनी. ढाल काय तुम्ही धरली? ढालीची उजवी म्हणजे धरणाऱ्याची उजवी. हा सिंह पाठ दाखवून पळून राहिला." नवरदेव घोड्यावर घामाघूम. शेवटी तो बँडवालाच हात जोडून म्हणाला, "काकाजी, मी टोपी उलटी घालून घेतो, पण नवरदेवाले जाऊ द्या."

तर असा माणूस स्वतः राज्याचं निशाण काढायला बसला म्हणजे काय होईल ते तुम्हीच समजा. त्यांचा नियम असा, की लांबून जे ओळखू येत नाही ते निशाणच नव्हे. पुठ्ठ्यावर ढाल रंगवायची, फाटकाला टांगायची, आणि स्वतः गल्लीच्या टोकाला नळापाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, काय दिसून राहिलं? सहा महिने खपून काढलेल्या वाघाला भाजीवाली मांजर म्हणाली. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत, पण वाघ पुन्हा काढला. तिला खोटं पाडायचं त्यांच्या मनातही आलं नाही, हे मात्र मला फार आवडायचं.

मग ज्याला त्याला ढालीवर जागा हवी झाली. रामटेककडचे त्यांचे मावसभाऊ धानाची लोंबी घेऊन बसले, वऱ्हाडातले पाहुणे कापसाचं बोंड. नणंदबाई काटोलच्या, अर्थात माझं सासरही तिथलंच. त्यांना संत्रं हवं होतं. भाऊजी म्हणाले, संत्रं लांबून लाडवासारखं दिसते. झालं. आठ दिवस वरणात मीठ नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी संत्र्याला देठाशी दोन हिरवी पानं काढली, नळापाशी दोघांनी संत्रं ओळखलं, आणि मीठ परत आलं. तरी नणंदबाईंनी टोमणा मारलाच, की ही ढाल आहे की आठवडी बाजार.

झेंडा शिवायचं काम शेजारच्या बाईंनी घेतलं. त्या शिवणकाम करायच्या, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं त्यांचं घर. वरची पांढरी पट्टी कापसाची, खालची काळी आपल्या जमिनीची, आणि मधे ही ढाल. काळा झेंडा निषेधाचा असतो म्हणून लोकांनी हटकलं, पण शेतीवर पोसलेल्यांनी काळीला अशुभ म्हणू नये, असं भाऊजींनी सुनावलं. त्या पट्टीसाठी नणंदबाईंनी आपली पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा फाडून दिली. शेजारच्या बाईंनी नमुना उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, वाघ दिसला, धान दिसलं. आम्ही कुठी आहो याच्यात?"

भाऊजींनी नमुना त्यांच्या हातून परत घेतला. महिनाभर पुठ्ठा कोरा राहिला. मग ढालीच्या मधोमध, सगळ्यांच्या वर, पिंपळाचं पान आलं. मानाची जागा तीच, त्यासाठी वाघाला खाली सरकावं लागलं. बाईंनी पान हातशिलाईनं लावलं, इतक्या बारीक टाक्यांनी की शोधूनही सापडू नयेत.

झेंडा तयार झाला तसा ट्रंकेत गेला. कारण राज्य होण्याआधी झेंडा चढवणं म्हणजे साखरपुड्याआधी बारसं, असं भाऊजींचं मत. एकदा तो वाऱ्यावर फडकताना पाहावा, एवढीच त्यांची जन्माची इच्छा, आणि तिला आडवे येणारेही तेच. दर उन्हाळ्यात नणंदबाई साड्यांबरोबर त्याला ऊन दाखवायच्या, तर तो दोरीवर टाकायची बंदी. दोरीवर फडकेल ना. म्हणून गच्चीत खाट, खाटेवर झेंडा पसरलेला, आणि चार कोपऱ्यांवर चार तांबे. असे पंधराएक उन्हाळे गेले.

शेवटच्या उन्हाळ्यात भाऊजी छातीच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते. गच्चीत सावलीला खुर्ची टाकून बसले होते, मी शेजारी कुरडया घालत होते. दोन दिवाळ्या सोडा, एक तरी पाहतील का याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी नणंदबाईंना सांगून ठेवलं होतं. त्या आल्या, तुम्हाले पाणी आणते म्हणाल्या, आणि खाटेवरचे अलीकडचे दोन तांबे उचलून खाली निघून गेल्या. घरात माठापाशी चार भांडी असताना.

वारा आलाच. झेंड्याची एक बाजू उचलली गेली, पडली, पुन्हा उचलली गेली, आणि मग अर्धा झेंडा सरळ हवेत. भाऊजी ओरडले, "अवं, सुटला तो."

जिन्यातून नणंदबाईंचा आवाज आला, "मी कुठी चढवला? वारा उचलून राहिला."

भाऊजी माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "वाऱ्यासाठी काही नियम नाही, वहिनी." आणि कठड्याला धरून, हळूहळू, उभे राहिले. मी पिठाच्या हातांनीच उभी राहिले. वारा पडेपर्यंत दोघंही झेंड्याकडे पाहत होतो.

ती दिवाळी त्यांनी पाहिली नाही. परवा उन्हाळ्यात नणंदबाईंकडे गेले तर गच्चीत खाट, खाटेवर झेंडा, कोपऱ्यांवर चारही तांबे. म्हटलं, आता तरी घाला की दोरीवर, कोण बोलणार आहे. त्यांनी एक तांबा नीट सरकवून बसवला.

"नाही वं," म्हणाल्या, "राज्य कुठी झालं अजून?"