पुढच्या झाकणावरचं चुंबक

आमच्या घरमालकाचा मी सहा वर्षं मनापासून द्वेष केला, आणि तो द्वेष वाया गेला नाही याचं समाधान मला पुढे बरेच महिने पुरलं.

जर्मनीत बाड हॉम्बुर्गला त्याच्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो आणि खाली तो एकटा. जिन्यात समोरासमोर आलो तरी तो बोलायचा नाही. घरी जाऊन पत्र लिहायचा आणि आमच्या पेटीत टाकायचा. फोडणीचा वास, रविवारी लावलेलं वॉशिंग मशीन, दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे शांततेच्या वेळात, मुलीने मारलेल्या उड्या, दाराबाहेर राहिलेल्या चपला. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'स्नेहपूर्वक अभिवादन'. ती सगळी मी तारीखवार लावून ठेवली होती. "अरे, एकटा म्हातारा आहे, सोड ना," बायको म्हणायची. सोडून देणाऱ्यांतला मी नाही, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली त्याचं गॅरेज, आणि गॅरेजात ती इटालियन स्पोर्ट्सकार. चंदेरी रंगाची, कमरेपर्यंतही न येणारी, चाळीस-पन्नास वर्षं जुनी. गाडी सुंदर होती, हे मी नाइलाजाने कबूल करतो. शनिवारी सकाळी तो ती बाहेर काढायचा, पुसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही, अगदी पोस्टमनलासुद्धा, एक खेळ करून दाखवायचा. खिशातून गोल चुंबक काढायचं, गाडीच्या पुढच्या झाकणावर ठेवायचं आणि ते घसरून खाली आलं की ओंजळीत झेलायचं. "फायबरग्लास," तो म्हणायचा. या मॉडेलच्या पहिल्या गाड्यांची बॉडी फायबरग्लासची होती. वजनाला हलक्या आणि संख्येने थोड्या. पुढे कारखान्याने पत्र्याची बॉडी सुरू केली, गाडी जड झाली आणि तिचा मान उतरला. त्याची गाडी पहिल्यांपैकी होती, असं त्याचं म्हणणं.

मी गाड्यांच्या बॉडीचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. फायबरग्लास ही माझी रोजची भाकरी. मी काय काम करतो, हे त्याने सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मग एक पत्र रजिस्टरने आलं. आयगनबेडार्फ, म्हणजे मालकाला स्वतःच्या माणसांसाठी घर हवंय. मुलगा हॅम्बर्गहून परत येतोय, सहा महिन्यांत जागा सोडा. मुलगी तिसरीत होती. शाळा पाच मिनिटांवर. त्याच वर्षी ती एकटी चालत शाळेत जायला लागली होती, आणि समोरच्या घरातली मैत्रीण रोज फाटकाशी तिची वाट बघत उभी असायची. त्या भागात दुसरं घर मिळणं म्हणजे काय, ते तिथे शोधलेल्यालाच कळेल. आम्ही तीन महिने शोधलं. मुलगी रोज शाळेतून आली की एकच विचारायची, "इथेच राहणार ना आपण?" आम्ही तिच्याशी मराठी बोलायचो आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, पण हा प्रश्न मात्र ती मराठीत विचारायची.

आणि एका संध्याकाळी म्हातारा पहिल्यांदाच आमचा जिना चढून वर आला. बायकोने चहा ठेवला. त्याने आल्याचा चहा न कुरकुरता प्यायला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काम मोठं असणार.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', तो म्हणाला, "तुम्ही प्लास्टिकवाले इंजिनियर आहात, असं तुमची मुलगी म्हणाली."

पहिल्या गाड्यांच्या मालकांचा उन्हाळ्यात मेळावा होता आणि तिथे त्याला घ्यायला ते तयार नव्हते. त्याच्या गाडीचा नंबर नेमका त्या महिन्यांतला होता जेव्हा कारखान्यातून दोन्ही तऱ्हेच्या गाड्या बाहेर पडत होत्या, त्यामुळे नंबरावरून काही ठरत नव्हतं. एखाद्या जाणकाराचं लेखी मत आणा, असं त्यांनी कळवलं होतं. ते मी लिहावं, एवढंच त्याचं मागणं.

"मत चांगलं आलं तर मुलाला सांगेन दुसरीकडे बघ म्हणून," तो म्हणाला. "त्याला तसंही गावात राहायचं नाहीये."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बघतो.

शनिवारी आम्ही ती गाडी गावाबाहेरच्या भंगार-कचरा केंद्रावरच्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरच्या बाईने आकडा वाचला. म्हाताऱ्याने कारखान्याचं जुनं पत्रक उघडलं, त्यातला आकडा बघितला आणि मला म्हणाला, "तुम्ही उतरा." मी उतरलो. मग तो स्वतः उतरला. मग त्याने मागचं जास्तीचं चाक, हत्यारांची पिशवी आणि पायाखालच्या सतरंज्या काढून काट्याबाहेर ठेवल्या. मग म्हणाला, टाकीत पेट्रोल आहे. मी म्हटलं, पत्रकातलं वजन पेट्रोल, तेल, पाणी काहीच नसताना केलेलं असतं, ते सगळं वजा करू. कागदावर वजाबाकी केली. तरीसुद्धा गाडी चांगलीच जड भरली. "काटा कचऱ्याचा आहे," तो म्हणाला. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

परत येऊन गॅरेजात त्याने तोच खेळ केला. झाकणावर चुंबक ठेवलं, घसरलं, झेललं. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', तो म्हणाला. "माझ्या मोठ्या भावाने गाडी मला देताना असंच दाखवलं होतं."

"ते झाकण ॲल्युमिनियमचं आहे," मी म्हणालो. "पत्र्याच्या गाड्यांनाही तेच असतं. ॲल्युमिनियमला चुंबक कधीच चिकटत नाही." आणि हात पुढे केला. त्याने चुंबक माझ्या हातावर ठेवलं. मी आधी दार बोटाच्या पेराने वाजवलं, मग चुंबक त्याला लावलं. चिकटलं. मागच्या बाजूला लावलं, चिकटलं. टपाला लावलं, चिकटलं. प्रत्येक वेळी मी ते ओढून काढत होतो आणि मुद्दाम सावकाश पुढच्या जागी नेत होतो.

इतक्या वर्षांत त्याने ते दुसरीकडे कुठेच लावून बघितलं नव्हतं. त्याच्या तोंडावरून ते कळत होतं. "भाऊ वारला माझा," तो म्हणाला. मला त्याची कीव आली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मत लिहायला मी अख्खा रविवार घेतला. जर्मनमध्ये दोन पानं. वजन, झाकण, दारं, टप, सगळं मुद्देसूद. स्वाभाविकपणे, निर्विवादपणे, कोणत्याही शंकेविना, असे शब्द शोधून शोधून घातले. बायकोने वाचलं.

"हे असंच लिहायला हवंय का?"

"मग काय खोटं लिहू? खाली माझी सही आहे."

"खरं आहे ते ठीक," ती म्हणाली. "पण तू ते खरं आहे म्हणून लिहिलेलं नाहीस."

मी पाकीट त्याच्या पेटीत टाकलं. शेवटी लिहिलं होतं, स्नेहपूर्वक अभिवादन.

तो मेळाव्याला गेला नाही. शनिवारी गाडी बाहेर येईनाशी झाली. पत्रंही बंद झाली. आम्हाला घर मिळालं, पण रेल्वेने पाऊण तास लांब, चौथ्या मजल्यावर.

जागा परत देण्याच्या दिवशी म्हातारा टॉर्च आणि छापील तक्ता घेऊन आला. प्रत्येक दार त्याने बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, तसंच जसं मी त्याच्या गाडीचं वाजवलं होतं. गणपतीच्या मखरासाठी ठोकलेल्या खिळ्यांची भोकं मोजली. ओट्यावर हळदीचा डाग होता. तो त्याने ओल्या फडक्याने पुसून बघितला, गेला नाही, तेव्हा लिहिला. लिहिताना मला विचारलं, "बरोबर आहे ना?" मी म्हटलं, बरोबर आहे, आणि सही केली. त्याने एकही गोष्ट वाढवून लिहिली नव्हती.

फाटकाशी मुलीची मैत्रीण आली होती. दोघी नुसत्या उभ्या होत्या. मैत्रिणीने शेवटी हात हलवला आणि रस्ता ओलांडून घरी गेली.

आमच्या गाडीत मुलगी मागे बसली. तिला आम्ही त्या मताबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण दोन खोल्यांच्या घरात मुलांपासून काय लपतं. ती जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, तुला 'मला माहीत नाही' असं म्हणता आलं नसतं का?"

आमच्या कोथरूडच्या घरात हे वाक्य कधी कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. माझे वडील पत्ता विचारणाऱ्यालासुद्धा माहीत नाही म्हणायचे नाहीत, ठाऊक नसला तरी दोन वळणं सांगून वाटेला लावायचे. ऑफिसात जर्मन लोक भर मीटिंगमध्ये 'मला माहीत नाही' म्हणतात आणि निवांत कॉफी पितात, तेव्हा मला ते मठ्ठ वाटतात. नंबर दोन्हीकडचा होता. काटा कचऱ्याचा होता. एका चुंबकावरून गाडी मुळात कशाची होती ते मला नक्की सांगता येत नाही, एवढी एक ओळ लिहिली असती तर सही खोटी ठरली नसती, आणि म्हाताऱ्याला मुलाशी बोलायला तेवढीही पुरली असती. त्या सगळ्या दिवसांत ही ओळ मला एकदाही सुचली नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीला सुचली.

बायको पुढे बघत राहिली. मी मुलीला म्हणालो, "माहीत नाही."