आधी छाती, मग पोट

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.कॉम. हे मी तोऱ्यात सांगते, कारण गंगापूर रोडच्या मागच्या मळ्यात झेंडू तोडून मग ओल्या चपलांनी मी कॉलेजला गेले आहे. पण त्या पदवीत हृदयाचा धडा नव्हता, हे घरच्यांना कधी पटलं नाही.

बाबांना मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली निघाली. सायकलची जुनी ट्यूब एका जागी फुगते तशी, डॉक्टर म्हणाले. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. ऑपरेशनआधी हृदय तपासलं, तर तिथल्याही तिन्ही वाहिन्या जवळजवळ बंद.

मग दोन डॉक्टर, आणि त्यांच्यासमोर मी.

पोटाचं ऑपरेशन करणारे म्हणाले, "फुगवटा मोठा आहे. थांबणं मला आवडणार नाही."

हृदयवाले म्हणाले, "पोटातल्या वाहिनीला चिमटा लावला की सगळा ताण हृदयावर येतो. या हृदयाला तो झेपणार नाही. आधी बायपास करू. महिना-दीड महिन्याने पोट."

"आणि मधल्या दिवसांत ती फुटली तर?"

"ती जोखीम आहेच," पोटवाले म्हणाले. "पण दोन्ही एकदम केलं तर त्याहून मोठी."

बाहेर बाकावर बाबा आणि धाकटा भाऊ बसले होते. भाऊ म्हणाला, "ताई, तूच सांग. तुला कळतं."

"मला हिशेब कळतात रे."

बाबा हसले. "एवढी शिकवली ती काय मिरवायला? सांग की, आधी कुठं कापायचं?"

"आधी छाती," मी म्हणाले.

बायपास चांगली झाली. पण बाबांना साखर होती. छातीवरची जखम खालच्या टोकाला सुकेना. ती ओली आहे तोवर पोट उघडणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं. आत नवी नळी बसवायची, तिला पू लागला तर काहीच हाती राहणार नाही. आम्ही ड्रेसिंगला जायचो आणि तारीख पुढे ढकलून परत यायचो. बाबा अंगणात खाटेवर बसून माळा ओवायचे. बनियन वर करून म्हणायचे, "बघ गं, कसं उडतंय. आत बेडूक बसलाय माझ्या." मी घरी आले की त्यांच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पोटाकडे.

अशात दिंडोरीहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण. बेंबी बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोट दुखलं की आमच्याकडे बेंबी सरकली म्हणतात. आत्या बेंबीजवळचा ठोका बोटाने शोधायची, अंगठ्याने दाबत दाबत मधोमध आणायची, आणि वर पेटती पणती ठेवून तांब्या पालथा घालायची. तिने बाबांचं पोट लांबूनच पाहिलं आणि पदर खोचला.

"लय दिवसाची सरकली हाय. तांब्या आण गं."

"आत्या, हात लावायचा नाही."

"का? बाटंल का तो?"

"आत फुटेल. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सटवे, तुझी बेंबी मी बसवली तवा कुठं व्हता तुझा डाक्टर?"

"लावू दे गं," बाबा मधेच म्हणाले. "हलक्या हातानं लावंल ती. तिचंबी समाधान."

मी आत्याच्या आणि खाटेच्या मधे उभी राहिले. तिने पदर सोडला आणि पाणीही न घेता दिंडोरीची गाडी धरली.

पुढच्या ड्रेसिंगला पट्टी पहिल्यांदाच कोरडी निघाली. तारीख मिळाली. बाबांनी भावाला दाढीचं सामान पिशवीत भरायला सांगितलं. त्या तारखेच्या आधीच, एका सकाळी, बंबाजवळ ते कंबर धरून खाली बसले. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना आला तेव्हा उतरवायची घाई राहिली नव्हती.

दहाव्याला आमच्या इथल्या नदीवर, गंगेवर, आत्या सगळ्यांसमोर बोलली. "एवढी शिकली, पण माझ्या भावाला मला हात लावू दिला नाय हिनं."

"लावला असता तर त्याच दिवशी गेले असते," मी म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघी वर्षभर एकमेकींशी बोललो नाही.

मी चुकले असं मी आजही म्हणत नाही. पोटवाल्या डॉक्टरांना पुढे एकदा विचारलं, पुन्हा हाच क्रम ठेवाल का? ते म्हणाले, "हो. बहुधा." ते 'हो' मला पुरलं असतं. 'बहुधा' अजून पुरत नाही.

वर्षश्राद्धाच्या दुपारी माझ्या पोटात कळ आली. आतल्या खोलीत आडवी झाले होते. दारात आत्या उभी, हातात तांब्या.

"लावू?"

"लाव."

तिने बोटाने ठोका शोधला. "जागेवर हाय तुझं," म्हणाली, पण बोट उचललं नाही. तसंच ठेवून विचारलं, "त्याचं केवढं उडत व्हतं गं?"

मी तिचा हात धरला, मूठ मिटवली आणि माझ्या पोटावर ठेवली. "एवढं, आत्या."

तिने मूठ तशीच ठेवली. दाबली नाही.