उजवी किडनी आणि शमुवेलकाकांची प्रार्थना

सोनोग्राफी पित्ताच्या खड्यांसाठी होती. खडे निघाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "पित्ताशय छान आहे. उजव्या किडनीवर मात्र गाठ दिसतेय." त्यांनी 'छान' हा शब्द का वापरला असेल, याचा विचार मी हडपसरला घरी पोचेपर्यंत रिक्षात करत होते. गाठीचा विचार करायचा नव्हता, म्हणून.

मग सीटी स्कॅन झाला. रिपोर्टात 'रीनल मास' असं होतं. म्हणजे किडनीवरची गाठ, एवढंच. ती कॅन्सरची आहे का, हे त्यावरून नक्की सांगता येत नाही. सर्जन म्हणाले, "पार्शल नेफ्रेक्टॉमी करू. पूर्ण किडनी नाही, गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढायचा. काय आहे ते तपासणीनंतरच कळेल." तोवर वाट बघायची.

त्या काळात मला प्रार्थना करता येईना. जन्मभर चर्चला जाणारी बाई मी, पण डोळे मिटले की शब्द सुचत नसत. मला कॅन्सर नको म्हणावं, तर वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्यांना तरी का असावा? गणित शिकवण्यात हयात गेलेल्या बाईला असले प्रश्न पडतातच. मी हे कुणालाच सांगितलं नाही.

ह्यांनी परस्पर चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून घरी प्रार्थनासभा ठेवली. आमच्यात कुणाचं ऑपरेशन असलं की चर्चची माणसं घरी जमतात, एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो, मग चहा होतो. मला ती नको होती. चारचौघांत माझ्या किडनीची चर्चा, तीही देवाशी! रागाच्या भरात मी चिवडासुद्धा केला नाही, बिस्किटांवर भागवलं.

सर्वांत वयस्कर शमुवेलकाका उभे राहिले. त्यांची प्रार्थना तपशीलवार असते. सर्जनचे हात झाले, भूल देणारे डॉक्टर झाले, माझी शुगर झाली. मग म्हणाले, "आणि हे प्रभू, आमच्या भगिनीच्या डाव्या किडनीवर तुझा हात ठेव."

मी डोळे उघडले. "काका, उजवी."

शाळेची सवय. समोर चूक दिसली की राहवत नाही.

काका डोळे मिटूनच म्हणाले, "उजव्या किडनीवर, प्रभू. तुला ठाऊकच आहे, गल्लत आमची झाली."

कुणीतरी खुदकन हसलं. मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. प्रार्थना थांबली नाही. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला आणि काका माझ्यासाठी मागत राहिले. मला जमत नव्हतं ते ही माणसं करत होती. मला फार बरं वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. तपासणीचा रिपोर्ट आल्यावर सर्जन म्हणाले, "कॅन्सर होता. पण किडनीबाहेर गेलेला नाही. सध्या औषध नको, अधूनमधून स्कॅन मात्र करत राहायचं."

तुमच्यापैकी कुणी अशा रिपोर्टची वाट बघत असेल, तर प्रार्थना सुचत नाही म्हणजे श्रद्धा गेली, असं समजू नका. तेवढे दिवस दुसऱ्यांना करू द्या. मी त्या माणसांची ऋणी आहे.

माझा पुढचा स्कॅन जवळ आलाय. या वेळी सगळ्यांना मीच घरी बोलावलंय, आणि पहिली प्रार्थना मी करणार आहे. फारसं काही ठरवलेलं नाही. "प्रभू, मला भीती वाटते," इथून सुरुवात करीन.