कडी नसलेलं गाव

आमच्या गावात दारांना कड्या नसतात. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी अंघोळीला गेले आणि कडी कुठे आहे म्हणून दार वरपासून खालपर्यंत चाचपत राहिले. बाहेरून नवरा म्हणाला, "टॉवेल दारावर टाक आणि गाणं म्हण." मला वाटलं, नव्या बायकोची थट्टा चाललीय. पण इथली रीतच तशी होती. न्हाणीघरात शिरलं की गुणगुणायचं. आवाज थांबला की घरातलं माणूस काळजीनं दार उघडतं. माझा गळा असा की दोन दिवसांतच सासरे म्हणाले, "सूनबाई, तू नुसती खोकलीस तरी चालेल हं."

सासरे, म्हणजे आमचे बाबा, गावातले मोठे सुतार. त्यांची गोष्ट सांगायची तर नाट्यगृहापासून सुरुवात करावी लागते. ते बांधलं गेलं तेव्हा बाबा ऐन उमेदीत होते. त्याची दारं त्यांनी केली, सागवानी, जाडजूड. हत्तीनं धडक दिली तरी हलायची नाहीत, असं लोक म्हणायचे आणि बाबांची मान ताठ व्हायची. पहिल्या खेळाचा एक पास कारागीर म्हणून त्यांना मिळाला. तो त्यांनी बायकोला दिला. माझा नवरा तेव्हा पाळण्यात होता, आजीजवळ. बाबा बायकोला घरी न्यायला बाहेर पायऱ्यांवर बसून राहिले.

फुकटे आत घुसू नयेत म्हणून दारवानांनी दारांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. पडद्यानं पेट घेतला तेव्हा ते दारवान जिवाच्या भीतीनं पळून गेले होते आणि कड्या आतल्या गर्दीच्या रेट्यानं वाकून अडकल्या होत्या. बाबांनी आपलंच दार कुऱ्हाडीनं फोडायला घेतलं. ते फुटेना, इतकं ते चांगलं केलेलं होतं.

देशभर दुखवटा पाळला गेला. झेंडे उतरले, भाषणं झाली, गर्दीच्या जागी कड्या नकोत असा कायदा झाला. बाकीच्या देशानं पुढं तो कायदा गुंडाळून ठेवला. आमच्या गावानं मात्र घराघरातल्या कड्या उपटून काढल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळतं. पण पस्तीस वर्षं फुंकत बसायचं? मी हे एकदा बोलून दाखवलं तर शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "तू बाहेरची आहेस, तुला नाही कळायचं." त्यांचा भाऊ त्या नाट्यगृहात गेला होता. या गावात कुणाशी भांडताच येत नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी आत राहिलेलं आहे.

बाबांनी त्यानंतर जड दार केलंच नाही. हलकी, बाहेर उघडणारी दारं करायचे. भांडण झालं तर आपटताही यायची नाहीत. माणूस मात्र लाख मोलाचं. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा त्यांनी स्वतः उंबरा तासून सपाट केला, मी अडखळू नये म्हणून. बायकोचं नाव कधी काढलं नाही. लोकांनीही कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षापासून बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण, मग मी. हातोडी घेऊन घराबाहेर पडायचे आणि नाट्यगृहाच्या दिशेनं चालू लागायचे. तिथे आता बाग आहे, आणि बागेच्या आधी हमरस्ता. एकदा ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचले. ट्रकवाला मलाच ओरडला, "बाई, म्हाताऱ्याला घरात ठेवा की!" ठेवू कसं? नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी. मुलं दिवसभर शाळेत, मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुणारी. घरी बसले तर खायचं काय? मास्तरीणबाई बघायच्या अधूनमधून, पण त्यांचे गुडघे कामातून गेलेले. डॉक्टर म्हणाले, दार लावून जात जा. सांगायला काय जातं!

बाबांच्या हाताखाली शिकलेला एक सुतार आहे. त्याला मी कडीचं विचारलं. त्यानं कानांवर हात ठेवले. "वहिनी, जीव मागा, देतो. त्यांच्या दाराला कडी मी नाही लावणार." दुकानात तर मिळतच नाही. शेवटी धुलाईखान्याच्या कामासाठी परगावी गेले होते तेव्हा घेतली आणि चोरीचा माल आणावा तशी डब्याच्या पिशवीत लपवून आणली. दुपारी बाबा झोपले असताना मीच ठोकली, बाहेरच्या बाजूला, वेडीवाकडी. आपण या माणसाचा जीव वाचवतोय की घेतोय, तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न्याहारी दिली, बाहेर आले, दार लोटलं आणि कडी सरकवली. ती इतक्या सहज बसली की मला रडू फुटलं. तेवढ्यात मास्तरीणबाई पाणी भरायला बाहेर आल्या. त्यांची नजर कडीवर गेली आणि हातातली बादली खाली पडली.

"काढ ते."

"बाई, ते ट्रकखाली जातील."

"काढ म्हणते ना! माणसं जळाली याच्यापायी!"

"माणसं जळाली ते मला माहीत आहे. या घरात आल्यापासून रोज तेच ऐकतेय. जिवंत माणसाचं काय करू, ते सांगा ना कुणीतरी!"

माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. कामावर निघालेले लोक थांबले. कुणी म्हणालं, लाज नाही वाटत. कुणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. गल्लीतला न्हावी माझ्या बाजूनं बोलला तर त्याच्या बायकोनं त्यालाच गप्प केलं. मी दाराला पाठ लावून उभी होते, गल्लीभर नुसता आरडाओरडा.

आणि आतून बाबांचा आवाज आला. इतका खणखणीत आवाज मी त्यांचा वर्षभरात ऐकला नव्हता.

"मागे सरा! दाराला रेटू नका! मी बाहेर आहे, मी काढतो दार!"

दाराच्या त्या बाजूला काहीतरी खुडखुडलं. मग माझ्या ध्यानात आलं. बाबांनी केलेल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीतली खीळ आतून नुसत्या बोटांनी उपसता येते. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, पण कडी ठोकताना मला आणि भांडणाच्या भरात बाकीच्यांना ते आठवलंच नव्हतं. मी कडी लावली होती ती अशा दाराला!

मी बाजूला झाले आणि दार कलंडलं. न्हाव्यानं ते धरून खाली ठेवलं. बाबा उंबऱ्यात उभे होते, घामानं निथळलेले, दोन्ही हातांत बिजागऱ्यांच्या खिळी. त्यांनी माझा दंड पकडला आणि मला घरात ओढलं. "चल, बाहेर ये. श्वास घे." मग त्यांनी गल्लीकडे पाहिलं, तिथे उभ्या असलेल्या माणसांकडे, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरे देवा, एवढे सगळे अजून आतच आहेत?"

हात पुढे करून ते हाका मारू लागले. "या, बाहेर या. घाई करू नका, दार मोकळं आहे." पहिल्यांदा मास्तरीणबाई हलल्या. गुडघे धरत त्या आमच्या घरात आल्या. मग न्हावी, त्याची बायको, पोलिसांचं नाव काढणारा तो गृहस्थ. कुणी हसलं नाही, कुणी समजावलं नाही. सगळे निमूट एकेक करून आत येत होते आणि बाबा प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून पुढे सरकवत होते. आमची एवढीशी खोली माणसांनी भरली. कित्येक बायका पदरात तोंड खुपसून रडत होत्या.

गल्ली रिकामी झाली. बाबा वळले आणि प्रत्येक चेहरा निरखू लागले. शेवटी मास्तरीणबाईंपाशी थांबले.

"आमची ही कुठं आहे?"

मास्तरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "नाही हो आली," त्या म्हणाल्या.

बाबांनी मान डोलावली. रडले नाहीत. उंबऱ्याबाहेर जाऊन, खाली ठेवलेल्या दाराशेजारी पाय सोडून बसले आणि रिकाम्या गल्लीकडे बघत राहिले.

"मग दार लावू नका," ते म्हणाले. "यायची आहे ती अजून."

ती येणार नाही, असं त्या गर्दीत कुणीच म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा कामावर जायचं होतं, आणि दार पुन्हा बसवायला लागणाऱ्या खिळी बाबांनी मुठीत गच्च धरून ठेवल्या होत्या.